ठासणीच्या बंदुकीवरील छिद्रयुक्त नेमदर्शक : निवडीची तत्त्वे

नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाची, अशी जी बंदूक तिला मराठीत ठासणीची बंदूक म्हणतात. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेल्या अशा बंदुका कोकणातील शेतकऱ्यांकडे आजही आढळतात. हौसेची शिकार मात्र १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यात १९९१ साली झालेली दुरुस्ती यांमुळे भारतात बंद झाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याची प्रथा अद्याप जिवंत असून तेथील अनेक राज्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र हंगाम राखून ठेवले आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्याने चकमकीच्या बंदुकीचा असा पहिला हंगाम १९७४ साली योजिला. कोलोराडो राज्याच्या ठासणी-हंगामात बंदुकीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे. शिकाऱ्याने जनावराच्या पुरेसे जवळ जावे व जुन्या शस्त्राच्या मर्यादा त्याने पाळाव्यात, हा या नियमांमागील हेतू होय.

दुर्बीण वर्ज्य ठरल्यावर शिकाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. एक, नळीवर मागील बाजूस खाच व पुढील टोकास माशी असलेला जुना नेमदर्शक. आणि दुसरा, खाचेऐवजी डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती असलेला व वरखाली आणि आडवा सरकविता येणारा नेमदर्शक. इंग्रजीत यालाच 'पीप साइट' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास छिद्रदर्शक म्हटले आहे. बाजारात त्याचे अनेक प्रकार मिळतात, आणि निवड करताना ग्राहकाचे लक्ष बहुधा स्क्रूच्या बारकाईकडे व अंकित पट्ट्यांकडे जाते. वस्तुतः निवडीचा क्रम याच्या उलट असावयास हवा. छिद्राचा व्यास संधिप्रकाशावरून ठरवावा, सरकविण्याची यंत्रणा ती किती घट्ट राहते यावरून पारखावी, आणि नेमदर्शक कितीही सूक्ष्म असला तरी गोळीचा पल्ला त्याने वाढत नाही हे प्रथमच मान्य करावे. ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. तो चुकीच्या जागी लागला तर जखमी जनावर रानात नाहीसे होते आणि दुसरी गोळी ठासण्यास वेळ उरत नाही. निवडीच्या प्रश्नाला जे महत्त्व आहे ते यामुळे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

छिद्रदर्शकाची कल्पना जुनी असली तरी तिला शास्त्रीय रूप एकोणिसाव्या शतकातील लांब पल्ल्याच्या नेमबाजीने दिले. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयर्लंड व अमेरिका यांच्या संघांचा प्रसिद्ध सामना झाला. ८००, ९०० व १००० यार्ड अशी तीन अंतरे होती. आयरिश नेमबाजांपाशी रिग्बी यांच्या ठासणीच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांनी रेमिंग्टन व शार्प्स यांच्या मागून भरावयाच्या रायफली वापरल्या. दोन्ही पक्षांच्या रायफलींवर व्हर्निअर-पट्टीने सूक्ष्म सरकविता येणारे छिद्रदर्शक होते. सामना ९३४ विरुद्ध ९३१ अशा अवघ्या तीन गुणांनी अमेरिकेने जिंकला. आयरिश संघातील मिल्नर या नेमबाजाची एक गोळी मध्यबिंदूवर लागली खरी, परंतु ती शेजारच्या, परक्या लक्ष्यावर! त्या बारास शून्य गुण मिळाले. मध्यबिंदूचे मूल्य त्या वेळी चार गुण होते. अत्यंत सूक्ष्म नेमदर्शकदेखील नेमबाजाच्या अवधानाची जागा घेऊ शकत नाही, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

क्रीडमूरचे हे छिद्रदर्शक पांढऱ्या लक्ष्यावर काळा वर्तुळाकार ठिपका पाहण्यासाठी व उघड्या मैदानातील स्वच्छ उजेडासाठी होते. त्यांचे छिद्र अतिशय बारीक आणि चकती रुंद असे. रानात ते निरुपयोगी ठरत, कारण चकतीमुळे जनावर झाकले जाई आणि छिद्रातून पुरेसा प्रकाश येत नसे. कनेक्टिकट राज्यातील मिडलफील्ड येथील विल्यम लायमन यांनी १८७९ मध्ये पेटंट घेतलेल्या नेमदर्शकात मोठे छिद्र व त्याभोवती पातळ कड अशी रचना केली. बारीक छिद्राची चकती हवी तेव्हा पुढे आणता येई, नको तेव्हा बाजूस करता येई. आजच्या शिकारी छिद्रदर्शकांचे मूळ या रचनेत आहे. मोठे छिद्र घेतल्याने नेम ढिला पडतो, ही समजूत तिने मोडून काढली. तसे का होते हे समजण्यासाठी डोळ्याच्या प्रकाशशास्त्राकडे वळले पाहिजे.

डोळा, छिद्र आणि स्पष्टता

खाच व माशी यांनी नेम धरताना डोळ्यास एकाच वेळी तीन अंतरांवरील वस्तू पाहाव्या लागतात. खाच सुमारे अर्ध्या मीटरवर, माशी सुमारे एका मीटरवर आणि लक्ष्य पन्नास किंवा शंभर मीटरवर असते. नेत्रभिंग एका वेळी एकाच अंतरावर केंद्रित होऊ शकते. म्हणून तिन्ही वस्तू एकदम स्पष्ट दिसणे अशक्य असते. तरुणपणी डोळा या वस्तूंवरून त्वरेने फिरून ही उणीव भरून काढतो. पंचेचाळिशीच्या सुमारास भिंगाची लवचीकता बरीच कमी होते, आणि मग खाच ही एक धूसर काळी रेघ होऊन बसते. अनुभवाने परिपक्व झालेल्या शिकाऱ्याचा नेम नेमका याच वयात का बिघडू लागतो, याचे कारण पुष्कळदा हातात नसून डोळ्यात असते.

छिद्रदर्शकाने पहिली सोय होते ती ही की, तीन वस्तूंपैकी एक वजा होते. छिद्राकडे पाहावयाचे नसते, छिद्रातून पाहावयाचे असते. त्याची कड धूसर दिसली तरी चालते. उरतात माशी व लक्ष्य. यांपैकी माशीवर दृष्टी केंद्रित करावी हा जुना नियम येथेही लागू आहे.

दुसरी सोय गणिताने दाखविता येते. माशी डोळ्यापासून १ मीटरवर आहे व डोळा तिच्यावर केंद्रित आहे असे मानले, तर दूरच्या लक्ष्याच्या बाबतीत डोळ्याचे केंद्रीकरण १ डायऑप्टरने चुकलेले असते. अशा स्थितीत लक्ष्यावरील प्रत्येक बिंदू एका लहान वर्तुळाएवढा पसरलेला दिसतो, आणि त्या वर्तुळाचा कोनीय विस्तार डोळ्यात प्रकाश शिरण्याच्या मार्गाच्या व्यासाशी सम प्रमाणात असतो. दिवसा बाहुलीचा व्यास ३ मिलिमीटर धरला तर १०० मीटरवर हा विस्तार ३० सेंटिमीटर होतो. बाहुलीपुढे १.२ मिलिमीटरचे छिद्र धरल्यास तो १२ सेंटिमीटरवर येतो. याचा अर्थ नेमात तेवढी चूक होते असा नव्हे. डोळा धूसर आकृतीचाही मध्य बऱ्यापैकी ओळखतो. परंतु हरणाच्या खांद्यामागील रेषा ओळखू येणे व एक तपकिरी डाग दिसणे यांतील फरक येथे पडतो.

यावरून छिद्र जितके बारीक तितके उत्तम असे वाटण्याचा संभव आहे. त्यास दोन कारणे आड येतात. पहिले कारण विवर्तन. प्रकाश हा तरंगरूप असल्याने अरुंद छिद्रातून जाताना तो पसरतो. १.२ मिलिमीटरच्या छिद्रातून पाहताना विवर्तनामुळे होणारा विस्तार मध्यापासून कडेपर्यंत १०० मीटरवर सुमारे साडेपाच सेंटिमीटर असतो; छिद्र निम्मे, म्हणजे ०.६ मिलिमीटर केले तर तो अकरा सेंटिमीटरवर जातो. एक मिलिमीटरच्या खाली गेल्यास एका बाजूने मिळविलेली स्पष्टता दुसऱ्या बाजूने गमवावी लागते. लक्ष्यभेदाच्या क्रीडेतील छिद्रे साधारणतः एक मिलिमीटरच्या आसपास असतात ती म्हणूनच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्या प्रकारातील रायफलींवरही छिद्रदर्शकच असतो. मात्र तेथील नेमबाजास उजेडाची व स्थिर लक्ष्याची हमी असते. रानात ती नसते, आणि हेच दुसरे कारण होय.

संधिप्रकाशाची कसोटी

हरिण चरावयास बाहेर पडते ते बहुधा पहाटे व सायंकाळी. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हा शिकारीचा कायदेशीर काळ आहे. त्यामुळे नेमदर्शकाची खरी परीक्षा दुपारच्या चांदमारीत होत नाही. ती या दोन अर्ध्या तासांत होते.

अंधुक उजेडात बाहुली विस्फारून ५ ते ६ मिलिमीटर होते. वयोमानाप्रमाणे हा विस्फार काहीसा कमी होतो. छिद्र बाहुलीपेक्षा लहान असेल तर डोळ्यात शिरणारा प्रकाश व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात घटतो. बाहुली ६ मिलिमीटर असताना १.२ मिलिमीटरच्या छिद्रातून मूळ प्रकाशाचा पंचविसावा भागच आत येतो. झाडांच्या सावलीत उभे असलेले जनावर उघड्या डोळ्यांना दिसत असूनही छिद्रातून नाहीसे होते, हा अनेकांना बुचकळ्यात टाकणारा प्रकार या साध्या प्रमाणाचा परिणाम आहे. छिद्र ३ मिलिमीटर केले तर चौथा भाग प्रकाश मिळतो. ४ मिलिमीटर केले तर शेकडा ४४ इतका मिळतो, आणि तरीही दूरच्या लक्ष्याची धूसरता उघड्या डोळ्याच्या मानाने एक-तृतीयांशाने कमी राहते. छिद्र बाहुलीहून मोठे झाले की प्रकाशाची हानी संपते, पण त्याबरोबर स्पष्टतेचा लाभही संपतो.

आता मोठ्या छिद्रामुळे नेम ढिला पडतो की काय हा प्रश्न उरतो. छिद्र बाहुलीपेक्षा लहान असताना डोळा किंचित इकडेतिकडे सरकला तरी छिद्रातून येणारा सर्व प्रकाश बाहुलीत शिरतो. त्यामुळे नेमाची रेषा छिद्राच्या मध्यातूनच जाते व पराशयदोष जवळजवळ नाहीसा होतो. छिद्र बाहुलीपेक्षा मोठे असेल तर मात्र डोळ्याला छिद्राच्या आत सरकण्यास जागा मिळते. ४ मिलिमीटरचे छिद्र व ३ मिलिमीटरची बाहुली असेल तर बाहुली मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकू शकते. छिद्र व माशी यांमधील अंतर, म्हणजे नेमांतर, ८० सेंटिमीटर असल्यास याने १०० मीटरवर सुमारे ६ व ५० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर चूक होऊ शकते. ही कमाल मर्यादा झाली. गोल आकृतीचा मध्य शोधण्याची डोळ्याची उपजत प्रवृत्ती असल्याने प्रत्यक्ष चूक याहून पुष्कळच कमी असते. शिवाय सायंकाळी बाहुली विस्फारली की तेच ४ मिलिमीटरचे छिद्र बाहुलीपेक्षा लहान ठरते आणि दोष आपोआप आटोक्यात येतो. मोठ्या छिद्राचा हा गुण लायमन यांच्या रचनेच्या यशाचे रहस्य होय.

सारांश, शिकारीसाठी ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र व पातळ कड ही रचना मुख्य मानावी, आणि बारीक छिद्राची चकती आट्यांनी बसविता-काढता येणारी असावी. चांदमारीत बंदूक जुळविताना बारीक चकती बसवावी व रानात जाताना ती काढून ठेवावी. पावसात व हिमात याचा आणखी एक फायदा दिसतो : बारीक छिद्रात पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडकून राहतो व दृष्टी बंद होते, मोठ्या छिद्रातून तो फुंकरीने निघून जातो.

माशी व नेमांतर

मागील नेमदर्शकाची निवड पुढील माशीवाचून अपुरी असते. डोळ्यापासून १ मीटरवर असलेली २ मिलिमीटर रुंदीची माशी १०० मीटरवर २० सेंटिमीटर जागा झाकते. हरणाच्या हृदय व फुप्फुसांचा भाग साधारणतः तेवढ्याच व्यासाचा असल्याने अशी माशी त्या अंतरावर जे पाहावयाचे तेच लपवून टाकते. दीड मिलिमीटरची माशी १५ सेंटिमीटर झाकते. याहून बारीक माशी अंधुक उजेडात दिसत नाही. दीड मिलिमीटरच्या आसपासची, उजळ टोकाची माशी हा व्यवहार्य मध्य होय. छिद्रदर्शक बसविल्यावर नेमाची रेषा मूळ खाचेपेक्षा बहुधा उंच जाते, म्हणून माशीही उंच घ्यावी लागते. आणि नळीवरील जुनी खाच काढून टाकावी किंवा आडवी पाडावी लागते, नाहीतर ती दृष्टीच्या आड येते.

छिद्रदर्शक कोठे बसवावयाचा यावर नेमांतर अवलंबून असते. जुन्या धर्तीच्या, बाजूस घोडा असलेल्या रायफलीत नळीच्या मागील टोकास दस्त्यात रुतलेली एक पोलादी पट्टी असते. तिच्यावर उभा छिद्रदर्शक बसविल्यास नेमांतर ८० सेंटिमीटरपर्यंत जाते. नळीवरील खाचेचे नेमांतर ५० सेंटिमीटरच्या आसपास असते. माशी छिद्राच्या मध्यात धरताना ०.१ मिलिमीटर चूक झाली तर १०० मीटरवर ८० सेंटिमीटरच्या नेमांतराने १२.५ मिलिमीटर आणि ५० सेंटिमीटरच्या नेमांतराने २० मिलिमीटर चूक होते. लांब नेमांतराचा लाभ स्पष्ट आहे. तथापि पट्टीवरील छिद्रदर्शक डोळ्याच्या फार जवळ येतो. जड शंक्वाकृती गोळी व भरपूर दारू यांनी बंदूक जोराने मागे येत असेल, तर छिद्राची कड भुवईवर आदळण्याचा धोका असतो. चकमकीच्या बंदुकीत रंजकाची ठिणगी चेहऱ्याजवळच उडत असल्याने चष्मा वापरणे अवश्य आहे. १९८५ मध्ये टोनी नाइट यांनी बाजारात आणलेल्या बंदुकीपासून रूढ झालेल्या, नळीच्या सरळ रेषेत मागे टोपी बसणाऱ्या नव्या रायफलींत छिद्रदर्शक नळीच्या मागील भागावर किंचित पुढे बसतो. तेथे हा धोका कमी, पण नेमांतरही थोडे कमी.

सरकविण्याची यंत्रणा

नेमदर्शक किती सरकविला असता गोळी किती सरकेल, हे समरूप त्रिकोणांच्या साध्या नियमाने काढता येते. लक्ष्यावरील चूक गुणिले नेमांतर, भागिले लक्ष्याचे अंतर, इतके मागील नेमदर्शकास सरकवावे लागते. गोळी १०० मीटरवर १० सेंटिमीटर खाली लागत असेल व नेमांतर ८० सेंटिमीटर असेल, तर छिद्र ०.८ मिलिमीटर वर न्यावे. दिशेचा नियम असा की, गोळी ज्या बाजूस न्यावयाची त्या बाजूस मागील नेमदर्शक सरकवावा. माशी सरकवावयाची झाल्यास ती उलट दिशेस.

समजा, स्क्रूला इंचास ४० आटे आहेत. एका पूर्ण फेऱ्यास छिद्र ०.६३५ मिलिमीटर सरकते व गोळी १०० मीटरवर सुमारे ८ सेंटिमीटर सरकते. फेऱ्याचे १२ टप्पे असतील तर एका टप्प्यास ती ६.६ मिलिमीटर सरकेल. कोनाच्या भाषेत १ कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २.९ सेंटिमीटर होतो. त्या मानाने हा टप्पा पाव कलेहून किंचित लहान आहे. जाहिरातीत असे सूक्ष्म टप्पे ठळकपणे मांडले जातात. परंतु एखादी बंदूक १०० मीटरवर पाच गोळ्या ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात टाकीत असेल तर सहा मिलिमीटरच्या टप्प्याला काही अर्थ उरत नाही. त्या वर्तुळाचा मध्य काढण्यातच त्याहून मोठी चूक होते.

यास्तव यंत्रणेची परीक्षा सूक्ष्मतेपेक्षा स्थैर्यावर करावी. पहिली कसोटी आट्यांतील मोकळिकीची : स्क्रू एका दिशेने फिरवून मग उलट फिरविला असता छिद्र लगेच हलते की काही फिरत वाया जाते, हे पाहावे. थोडी मोकळीक असल्यास शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करावी. दुसरी कसोटी जखडण्याची : उंची व आडवी जागा निश्चित झाल्यावर दोन्ही स्क्रू स्वतंत्रपणे आवळून पक्के करता आले पाहिजेत. हाताने फिरविण्याच्या मोठ्या मुठी लक्ष्यभेदाच्या मैदानावर सोयीच्या असतात. रानात त्या फांदीस किंवा बंदुकीच्या खोळीस अडकून नकळत फिरतात. पेचकसाने फिरवावयाचे बुटके स्क्रू शिकारीसाठी अधिक विश्वासार्ह होत. तिसरी कसोटी अशी की, ठरलेली जागा दाखविणारी रेघ किंवा अंक नेमदर्शकावर असावा, म्हणजे सकाळी निघताना नुसत्या दृष्टीने खात्री करता येते. ठासणीची बंदूक वापरल्यानंतर पाण्याने धुवावी लागते, काही वेळा नेमदर्शकही काढावा लागतो. म्हणून काढून पुन्हा त्याच जागी बसण्याचा गुण येथे इतर बंदुकींपेक्षा अधिक मोलाचा आहे.

भार, काजळी व पहिला बार

मागून भरावयाच्या बंदुकीत काडतूस कारखान्यात तयार होते. ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बार हा शिकाऱ्याच्या हातचा असतो. दारूचे माप, तिच्या कणांचा आकार, गोळीभोवतीच्या कापडी टिकलीची जाडी व तिला लावलेले तेल, गजाने दिलेला दाब, यांपैकी एक बाब बदलली तरी गोळीची जागा बदलते. म्हणून भार निश्चित होण्यापूर्वी नेमदर्शक फिरवीत बसणे व्यर्थ आहे. आधी एका भाराने गोळ्या एकत्र पडू लागल्या पाहिजेत. त्या कोठे पडतात हा प्रश्न नंतरचा.

आणखी एक बाब बहुधा दुर्लक्षिली जाते. काळी दारू जळाल्यावर नळीत दाट काजळी मागे राहते, आणि स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी व काजळलेल्या नळीतील पुढील गोळ्या यांची जागा सारखी असतेच असे नाही. चांदमारीत एका बैठकीत पंधरा बार काढून त्यांच्या मध्यावर नेमदर्शक जुळविला तर तो चौदा काजळलेल्या बारांसाठी जुळतो. शिकारीत मात्र जो एकच बार उडावयाचा तो स्वच्छ नळीचा असतो. यावर उपाय सोपा पण वेळखाऊ आहे : पाच निरनिराळ्या दिवशी स्वच्छ व थंड नळीतून एकेकच गोळी त्याच कागदावर मारावी आणि त्या पाच छिद्रांच्या मध्यावरून अंतिम जुळणी करावी.

पल्ल्याची मर्यादा

पन्नास कॅलिबरच्या रायफलीत वापरली जाणारी ०.४९ इंच व्यासाची शिशाची गोल गोळी सुमारे ११.५ ग्रॅम वजनाची असते. नळीतून ती सेकंदास सुमारे ५५० मीटर वेगाने सुटली तरी गोल आकारामुळे हवेचा अवरोध तिला फार होतो, आणि १०० मीटरवर हा वेग साधारणतः ३२० मीटरपर्यंत उतरतो. तिची गतिज ऊर्जा सुमारे १७३० जूलवरून ६०० जूलच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. नेम ५० मीटरवर बरोबर जुळविला असता हीच गोळी ७५ मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटर, ९० मीटरवर सुमारे १० सेंटिमीटर आणि १०० मीटरवर सुमारे १५ सेंटिमीटर खाली लागते.

मर्मस्थानाचा व्यास २० सेंटिमीटर धरला, तर मध्यावर नेम धरून गोळी त्या वर्तुळात पडण्याची सीमा ९० मीटरच्या जवळ येते. गोळ्यांचा स्वाभाविक विखुर व हाताचा कंप वजा केल्यास ती ७५ मीटरवर येऊन ठेपते. येथवर एकदा जुळविलेला छिद्रदर्शक रानात फिरविण्याची गरजच पडत नाही. १०० मीटरसाठी छिद्र १.२ मिलिमीटर वर नेले की कागदावर गोळी मध्यावर लागेल हे खरे. परंतु त्या गोळीचा वेग वाढत नाही, तिच्या उड्डाणास लागणारा पाव सेकंद कमी होत नाही, आणि तेवढ्यात जनावराने टाकलेले एक पाऊल नेमदर्शकास कळत नाही. यंत्राने नेम दुरुस्त होतो. अंतर जवळ आणण्याचे काम शिकाऱ्याच्या पायांनीच करावे लागते.

निवडीचा निष्कर्ष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येईल. प्रथम ज्या राज्यात व ज्या हंगामात शिकार करावयाची तेथील चालू नियमपुस्तिका पाहावी. छिद्रदर्शक, चमकदार माशी, दारूचा प्रकार व गोळीचा प्रकार यांविषयीचे नियम राज्यागणिक भिन्न असून ते बदलतही असतात. नंतर आपल्या डोळ्याची व ठरलेल्या भाराची परीक्षा करावी. मग ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र, पातळ कड, काढता येणारी बारीक चकती, दोन्ही दिशांस स्वतंत्रपणे जखडणारे बुटके स्क्रू, जागेची स्पष्ट खूण आणि छिद्राशी मेळ खाणारी माशी, एवढ्या गोष्टी पाहून नेमदर्शक घ्यावा. यांत टप्प्यांच्या सूक्ष्मतेस शेवटचे स्थान द्यावे.

नेमदर्शक विकत घेण्यापूर्वी करण्याजोगी एक परीक्षा आहे, आणि तिला खर्च काहीच नाही. न भरलेली बंदूक सुरक्षित दिशेस धरून सूर्यास्तानंतर दहा, वीस व तीस मिनिटांनी, झाडाच्या सावलीतील एखाद्या तपकिरी वस्तूवर छिद्रातून नेम धरावा. ज्या क्षणी माशीची कड वस्तूपासून वेगळी ओळखू येत नाही, तो क्षण टिपून ठेवावा. कायद्याने पुढे काही मिनिटे दिली असली तरी त्या बंदुकीची व त्या डोळ्याची शिकार तेथेच संपते. हे ज्याने आधी मोजून ठेवले आहे, त्याच्या हातून अंधारात सुटलेली गोळी व सकाळी शोधावा लागणारा रक्ताचा माग हे दोन्ही टळतात.